गाडी आपली, पण तिच्यातला कोड कुणाचा? ओपन सोर्सचा आपल्याला फायदा की धोका?

गॅरेजवाला_म्हापसा

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

चवथीच्या आधीची गोष्ट. पेडण्याचे एक गिऱ्हाईक, वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे येणारे, गाडी टो करून घेऊन आले. गाडी सहा वर्षांची. चावी फिरवली की दिवे लागतात, पण सेल्फ लागत नाही. डॅशबोर्डखालची कार्पेट ओली होती. काचेच्या खालच्या पन्हळीत पानं साचून पाणी आत उतरलेलं, आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या (दारं-दिवे सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या) कनेक्टरमधलं तांबं हिरवं पडलेलं. आपल्या पावसात हे नेहमीचंच. खरं सांगायचं तर ज्याला लोक 'सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम' म्हणतात, त्यातला बराच भाग माझ्या अनुभवात ओलावा आणि खारा वारा असतो.

नवीन ओरिजिनल मॉड्यूल मागवलं. बसवायला तासभर लागला. गाडी चालू होईना, कारण नव्या मॉड्यूलला चासिस नंबर आणि इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या कुलपाशी) जोडून घ्यावं लागतं आणि ते कोडिंग फक्त कंपनीच्या ऑनलाइन टूलमधून होतं. ते टूल आम्हाला मिळत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटर म्हणालं, बाहेर बसवलेल्या पार्टला आम्ही हात लावणार नाही, आमच्याकडचा नवा घ्या. गाडी पुन्हा टोवर चढली. अकरा दिवस गेले. चवथीला ते कुटुंब मूळ घरी भाड्याच्या टॅक्सीनं गेलं, घरात म्हातारी आई असताना. तीस वर्षांचा हात असून मला काही करता आलं नाही, हे अजून मनाला लागून आहे.

भाच्याचं म्हणणं, 'मामा, गाड्यांत ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वाचता-बदलता येणारा कोड, असतं तर तुला हे स्वतःला करता आलं असतं.' म्हणून दोन महिने जमेल तसं वाचलं. कळलं ते असं: लिनक्स ही ओपन सोर्स प्रणाली, आणि लिनक्स फाउंडेशननं २०१२ साली गाड्यांसाठी ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स सुरू केलं, आणि अमेरिकेत २०१८ च्या टोयोटा कॅमरीत त्यावरची स्क्रीन आली. गूगलची अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह तर सरळ गाडीतच बसते. पोलस्टार २ ही तशी पहिली गाडी, २०२० ची. (मोबाइल जोडून स्क्रीनवर दिसतो तो अँड्रॉइड ऑटो वेगळा. गिऱ्हाइकं यात फार गोंधळतात.) म्हणजे कंपन्या ओपन सोर्स वापरतात. मग गाडी माझ्यासाठी बंदच का?

आपल्या गोव्यात शंभरातल्या ४५ घरांत कार आहे, देशात सगळ्यांत जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला हा आकडा. तेव्हा हा विषय चार तंत्रज्ञांपुरता राहिलेला नाही. जाणकारांनी दोन्ही बाजू सांगाव्यात.

वेर्णेकर

गॅरेजवाले, लिहिलंत ते फार बरं केलंत. मी वेर्ण्याला एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये आहे, गाड्यांसाठी काम केलंय. तुमच्या भाच्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे.

गाडीत एक कॉम्प्युटर नसतो, डझनावारी असतात. एका टोकाला स्क्रीन, गाणी, नकाशा. मध्ये बॉडी मॉड्यूल, दारं, दिवे, वायपर. दुसऱ्या टोकाला इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग. या सगळ्यांना जोडणारी कॅन बस ही बॉशनं १९८६ साली मांडलेली दोन तारांची व्यवस्था आहे, आणि तिच्यावर संदेश कुणी पाठवला हे तपासायची सोयच मुळात नव्हती. जो तारेवर आला तो घरचा.

स्क्रीनसाठी लिनक्स उत्तम. कंपनीला चाक पुन्हा शोधावं लागत नाही, ब्लूटूथपासून आवाजापर्यंत सगळं तयार मिळतं. ब्रेकची गोष्ट वेगळी. तिथं आयएसओ २६२६२ नावाचं मानक लागतं, २०११ पासूनचं. कोडची प्रत्येक ओळ कुठल्या गरजेपोटी लिहिली, कुणी तपासली, बिघडली तर गाडी कुठल्या सुरक्षित अवस्थेत जाईल, हे सगळं कागदावर दाखवावं लागतं. लिनक्स कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, हजारो लोकांनी तीस वर्षं आपापल्या गरजेनं वाढवलाय. त्याच्यासाठी तसा कागद मागून तयार करणं प्रचंड अवघड आहे. 'एलिसा' नावाचा प्रकल्प २०१९ पासून त्याच कामाला लागलाय. म्हणून ब्रेक-स्टिअरिंगमध्ये आजही बहुतेक ठिकाणी छोट्या, बंदिस्त, प्रमाणित प्रणाली असतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्हाला अडवलं ते कोड बंद असल्यानं नाही. अडवलं ते किल्लीनं. तो मॉड्यूल उद्या शंभर टक्के ओपन सोर्स असता, तरी जोडणी मंजूर करणारी डिजिटल किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर असती, आणि तुम्ही तिथंच अडला असता.

सत्तरीचा_डॉक्टर

वाचतोय. वाचनखूण साठवली.

फर्मागुडी_सर

वेर्णेकरांच्या 'किल्ली'च्या मुद्द्याला इतिहास आहे. लिनक्स कर्नल ज्या परवान्याखाली आहे, त्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीची अट अशी की, यंत्रासोबत कोड दिलात तर मागणाऱ्याला त्याचा स्रोत, म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ कोड, द्या. पण बदललेला कोड त्याच यंत्रावर चालू द्या, असं ती स्पष्ट म्हणत नाही. टिव्हो नावाच्या टीव्ही रेकॉर्डरनं नेमकं तेच केलं: स्रोत दिला, पण कंपनीच्या किल्लीनं केलेली डिजिटल सही नसलेला कोड यंत्र चालवेना. त्यावर तोडगा म्हणून २००७ साली तिसरी आवृत्ती आली. किल्लीही द्या, असं ती म्हणते. आणि गाड्या बनवणारे साधारणपणे तीच आवृत्ती टाळतात.

टेस्लाचं उदाहरण बोलकं आहे. गाडीत लिनक्स पहिल्यापासून. पण स्रोताचा काही भाग बाहेर यायला २०१८ साल उजाडलं, तेही सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीनं बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर. त्याच गाड्यांच्या जुन्या मॉडेलांत लिनक्सच्या नोंदी सतत ८ जीबीच्या मेमरी चिपवर लिहिल्या जायच्या. चिप झिजली आणि स्क्रीन मेली. २०२१ साली सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कोड उघडा असूनही मालकाला 'नोंदी कमी लिही' एवढं सांगायची सोय नव्हती.

गोव्यातल्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, 'मग उघड्या कोडचा उपयोग काय, सर?' उपयोग आहे. वाचता येतो. शिकता येतं. लिनक्समध्ये कॅन बसशी बोलायची जी सोय आहे, सॉकेटकॅन, ती फोक्सवॅगनच्या संशोधन विभागानं लिहून सगळ्यांना दिली. २००८ पासून ती कर्नलमध्ये आहे. आमच्या प्रयोगशाळेत स्वस्तातला अॅडॉप्टर आणि जुना लॅपटॉप लावून मुलं गाडीच्या तारांवरचे संदेश वाचतात ते तिच्याच जोरावर. एरवी यासाठी लागणारं साधन आमच्या कॉलेजच्या आवाक्यात नव्हतं.

चोडणची_रेंटअकार

मी दुसरी बाजू मांडते. आमच्या नऊ गाड्या भाड्यानं जातात. कोण पर्यटक घेऊन जातो, तीन दिवस गाडीत काय करतो, कुणाला फोन जोडतो, काही माहीत नसतं. फेरीबोटीवर गाडी चढवताना ब्रेक नीट लागावा एवढंच मला हवं असतं. जो कोड कुणालाही वाचता येतो, त्यातली भोकंही कुणालाही सापडणार ना? आणि कुणी काही बदलून गेला तर पुढच्या गिऱ्हाइकाच्या जिवाला जबाबदार मी. गाडी बंदिस्त असण्यात मला तरी काही वाईट दिसत नाही.

वेर्णेकर

@चोडणची_रेंटअकार, ताई, भीती रास्त आहे. पण २०१५ चं जीपचं प्रकरण बघा. दोन संशोधकांनी घरात बसून महामार्गावरच्या जीप चेरोकीचं ट्रान्समिशन बंद पाडलं, गाडीतल्या मोबाइल जोडणीतून. १४ लाख गाड्या परत बोलवल्या गेल्या. त्या स्क्रीनमधली प्रणाली ओपन सोर्स नव्हती, बंदिस्त क्यूएनएक्स होती. मोबाइलच्या बाजूनं एक दार उघडं राहिलं होतं, आणि स्क्रीन व कॅन बसच्या मधली चिप कुठलाही नवा कोड सही न तपासता घ्यायची. पायवाट तिथून.

दुसरं, २०२२ चं. ह्युंदाई आयोनिकच्या एका मालकानं स्वतःच्या गाडीची स्क्रीन उघडायचं ठरवलं. अपडेटला कुलूप होतं. शोधता शोधता कळलं, की कुलपाची किल्ली ही एका सरकारी मानकात उदाहरण म्हणून छापलेली किल्ली होती. दुसरी किल्ली इंटरनेटवरच्या एका शिकवणीतली. बंद कोड होता म्हणून हे कुणाच्या डोळ्यांखालून गेलं नाही. उघडा असता तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ओरडलं असतं.

मात्र जीपचं प्रकरण गॅरेजवाल्यांच्याही विरोधात जातं, हे मला मान्य करावं लागेल. सही तपासली असती तर ते हल्लेखोर तिथंच थांबले असते. म्हणजे सही हवीच. वाद सही हवी की नको हा नसून ती कुणाकुणाला करता यावी, हा आहे.

मूळ_पेडणे_आता_पुणे

डिझेलगेट, म्हणजे फोक्सवॅगनची डिझेल गाड्यांच्या धूर-चाचणीतली फसवणूक, विसरून कसं चालेल? २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं फोक्सवॅगनला नोटीस दिली. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. भारतात ३ लाख २३ हजार परत बोलवायच्या होत्या, आणि २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानं ५०० कोटींचा दंड केला. चाचणीच्या रोलरवर गाडी आहे हे कोड ओळखायचा आणि तेवढ्यापुरता धूर साफ करायचा. पकडलं कुणी? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या माणसांनी, डिकीत यंत्र ठेवून, रस्त्यावर गाडी चालवून. कोड कुणाला बघायलाच मिळत नव्हता. लोकांच्या फुप्फुसांत जाणारा धूर ठरवणारा कोड बंद कपाटात ठेवायचा अधिकार कुणालाच नसावा, असं माझं ठाम मत आहे.

तरी एक गोष्ट लक्षात घ्या. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये कोड वेगळा आणि आकड्यांचे तक्ते, म्हणजे कॅलिब्रेशन, वेगळं. एका जर्मन संशोधकानं त्याच वर्षी डिसेंबरात ते उलगडून दाखवलं. वेळ आणि अंतर यांच्या वक्ररेषा त्या तक्त्यांत होत्या आणि गाडी चाचणीच्या रेषेत बसते का हे त्यावरून ठरायचं. निव्वळ कोड उघडा ठेवून तक्ते लपवले असते तर काहीच दिसलं नसतं. तेव्हा ओपन सोर्स मागायचं तर तक्त्यांसकट मागा.

फर्मागुडी_सर

सहमत, पूर्णपणे. टोयोटाच्या २००५ च्या कॅमरीचा खटलाही याच जातीचा. गाडी आपोआप वेग घेत होती की नाही, यावर ओक्लाहोमात २०१३ साली निकाल लागला. तज्ज्ञांना कोड बघायला मिळाला तो कुलूपबंद खोलीत, तोही एक जीव गेल्यावर. त्यांना दहा हजारांहून अधिक ग्लोबल व्हेरिएबल, म्हणजे कोडच्या कुठल्याही भागातून बदलता येणारी मूल्यं, सापडले. प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला आम्ही पहिल्या वर्षी जे करू नको म्हणतो, ते.

मडगावची_वकील

कायद्याचं थोडं सांगते.

भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड केला होता. कारण अगदी गॅरेजवाल्यांच्या गोष्टीतलंच: सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजना न देणं. पुढं अपिलं झाली, प्रकरण लांबलं. ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यात वाहन क्षेत्र आहे. पण कंपनीला किल्ली द्यायला लावणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात लोकांनी मतदानानं तसा कायदा करून घेतला, आणि तिथंही कंपन्या कोर्टात गेल्या.

चोडणच्या ताईंची जबाबदारीची भीती मात्र खरी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत फेरफार चालत नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी हेच बघतो, की मूळ गाडीत काय बदललं. कोड बदलला असेल तर भांडण तुमचं, कंपनीचं नव्हे. गॅरेजवाले, तुम्ही कुणाच्या इंजिनाचं रीमॅप, म्हणजे त्याच्या कोड-तक्त्यांत फेरफार, करून देत असाल तर कृपा करून लेखी घेत चला.

गॅरेजवाला_म्हापसा

ताई, रीमॅप आम्ही करत नाही. दोन पोरांना परत पाठवलं गेल्या महिन्यात. मला गाडीचा स्वभाव बदलायचा नाहीये. होती तशी चालू करून द्यायची आहे, बस.

सत्तरीचा_डॉक्टर

वाळपईच्या पुढं आमच्याकडे रेंज येते-जाते. रात्री रुग्णासाठी निघायचं तर कंपनीच्या नकाशावर भरवसा नाही. तो सर्व्हरला विचारतो आणि गोल गोल फिरत बसतो. मी फोनवर ओपनस्ट्रीटमॅपवरचं ओस्मअँड उतरवून ठेवलंय. पूर्ण गोवा फोनमध्ये, नेट नको. आमच्या गावची पायवाट आणि ओहोळावरचा साकव मी स्वतः त्यात टाकला. पुढच्याच पावसात दुसरा एक डॉक्टर त्याच वाटेनं वेळेत पोचला. ओपन सोर्स म्हणजे काय, हे मला त्या रात्री कळलं.

आणि एक विचारतो. कंपनीच बुडाली तर? अमेरिकेत फिस्कर ही इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी २०२४ च्या जूनमध्ये दिवाळखोरीत गेली. गाड्या हजारो लोकांच्या अंगणात, अपडेट देणारं कुणी नाही. मालकांनीच संघटना काढली आणि गाडी जिवंत ठेवायची धडपड सुरू केली. आपल्या देशातूनही कार कंपन्या गेल्याच आहेत. माझ्याकडची गाडी अशाच एका कंपनीची. नोंदणी १५ वर्षांची, स्क्रीन सातव्या वर्षी गेली. जोड कुठं मिळत नाही.

वेर्णेकर

डॉक्टर, इथं ओपन सोर्सची सगळ्यांत मोठी बाजू आहे आणि सगळ्यांत मोठी अडचणही. कंपनी गेली तरी कोड उरतो, हे खरं. पण कोड सांभाळायला माणूस लागतो. लिनक्सच्या दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या कर्नलची मुदत २०२३ मध्ये सहा वर्षांवरून दोनवर आणायचं ठरलं, कारण सांभाळणारे थकले. गाडी १५ वर्षं चालते.

मार्च २०२४ चं एक्सझेडचं प्रकरण वाचलं असेल. फाइल दाबून लहान करणारी एक साधी लायब्ररी, जगभरच्या लिनक्समध्ये. सांभाळणारा जवळपास एकटा, बिनपगारी, दमलेला. एकानं दोनेक वर्षं गोड बोलून मदत केली, विश्वास मिळवला आणि मागचं दार बसवलं. सापडलं ते एका इंजिनिअरला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा का होतं, याची शंका आली म्हणून. कोड उघडा होता म्हणून त्याला तळापर्यंत जाता आलं. पण उघडा होता म्हणूनच तो घुसलेला माणूसही आत आला होता. लाखो गाड्या विकणाऱ्या कंपन्या अशा लायब्ऱ्या फुकट घेतात आणि सांभाळणाऱ्याला काही देत नाहीत. याचा मला या धंद्यात राहून राग येतो.

फर्मागुडी_सर

आमचे विद्यार्थी ओपनपायलट लावू का म्हणून विचारतात. कॅमेऱ्यावर स्टिअरिंग-ब्रेक सांभाळणारं सॉफ्टवेअर, एमआयटी नावाच्या खुल्या परवान्याचं. २०१६ साली अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याचं पत्र आल्यावर त्यांनी यंत्राची विक्री रद्द केली आणि महिन्याभरात कोड सगळ्यांना खुला केला. मी पोरांना म्हणतो, वाचा, त्याच्यासारखी शिकायची वही मिळणार नाही. वेर्णेकर, तुमचं मत?

वेर्णेकर

वाचू द्या. चोर्ला घाटात धुक्यात लावू देऊ नका. लेनची रेघ नाही, वळणावर गुरं बसलेली, समोरून येणारी बस आपल्या बाजूला. तो कोड ज्या रस्त्यांवर घडला ते रस्ते हे नव्हेत. उघडा कोड हा तपासलेला कोड असतोच असं नाही, आणि दुसऱ्याच्या जिवावर प्रयोग नको. इथं मी चोडणच्या ताईंच्या बाजूचा.

चोडणची_रेंटअकार

धन्यवाद. पण हे सगळं वाचून माझं मत थोडं हललंय. ब्रेकला कुणी हात लावू नये, हे कायम. पण पावसात एक मॉड्यूल भिजला म्हणून माझी गाडी अकरा दिवस उभी राहिली तर डिसेंबरात माझा हंगाम गेला. मला वाटतं ब्रेकचा कोड सरकारी तपासणाऱ्याला आणि सरांसारख्यांना वाचता यावा, बदलता येऊ नये. बॉडी मॉड्यूलची जोडणी मात्र ओळखपत्र दाखवणाऱ्या कुठल्याही गॅरेजला करता यावी, नोंद राहील अशी.

मडगावची_वकील

ताई, तुम्ही लिहिलंत ते जवळपास मागणीपत्रच आहे. त्या पोर्टलवर आणि खात्याला पाठवायला मी मसुदा करून देते. गॅरेजवाले, त्या अकरा दिवसांची कागदपत्रं, टोची बिलं, मॉड्यूलचं बिल, सर्व्हिस सेंटरनं नकार लेखी दिला असेल तर तो, जपून ठेवा. गिऱ्हाइकाची संमती घ्या.

गॅरेजवाला_म्हापसा

नकार तोंडी होता. बिलं आहेत, तिन्ही. पेडण्याच्या काकांना कालच विचारलं, ते हो म्हणाले.

सर, तुम्ही ते तारांवरचे संदेश वाचायचं म्हणालात ना, त्यावरून एक सुचलं. माझ्याकडे माळ्यावर काढून टाकलेले वीसेक मॉड्यूल आहेत, बहुतेक पाण्यानं मेलेले, काही नुसते कनेक्टर सडलेले. साध्या स्कॅनरवर धुराशी संबंधित कोड तेवढे दिसतात. दारं-दिवे-एअरबॅगचे कंपनीचे स्वतःचे कोड दिसत नाहीत. इंटरनेटवर ओपनडीबीसी म्हणून संदेशांचा खुला संग्रह आहे, पण आपल्याकडच्या छोट्या गाड्या त्यात फारशा नाहीत. तुमची मुलं आली तर कुठल्या गाडीत कुठला संदेश काय सांगतो हे लिहून काढता येईल. फक्त वाचायचं, लिहायचं काही नाही, चालत्या गाडीला हात नाही.

फर्मागुडी_सर

सहा मुलं आणि मी. रविवारी दहाला चालेल? चार अॅडॉप्टर आहेत. बारा व्होल्टचा सप्लाय तुमच्याकडे आहे का?

गॅरेजवाला_म्हापसा

आहे, दोन आहेत. पुढचा रस्ता खणलाय, मागच्या बाजूनं चिंचेकडून या. डॉक्टर, तुमची ती मेलेली स्क्रीन काढून आणाल का? येताना वायरिंगचा कनेक्टर कापू नका, सॉकेटसकट काढा.

सत्तरीचा_डॉक्टर

आणतो.